डिस्क तुमची, गेम कुणाचा?

जुना कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) आणि जुने, म्हणजे दुसऱ्याने वापरलेले, गेम घ्यायच्या भानगडीबद्दल इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की हा महिना सगळा त्यालाच देऊन टाकतोय. टीव्ही आणि साउंडबारवाल्यांनी जरा दम धरा, तुमचं पुढच्या अंकात. नावं कुणाचीच छापत नाहीये, फक्त गाव.

प्रश्न : नमस्कार. दहावी झाल्यावर मुलाला सेकंडहँड पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५) घेऊन दिला, ऑनलाइन जाहिरात बघून. बिल, बॉक्स सगळं नीट होतं. घरी आणल्यावर कळलं की याला डिस्क घालायला जागाच नाही! मित्रांकडच्या डिस्क चालणार नाहीत म्हणून मुलगा तोंड पाडून बसलाय. बाहेरून काही जोडता येतं का? (डोंबिवली)

उत्तर : ताई, आधी कन्सोलच्या मागचा स्टिकर बघा. 'सीएफआय' (CFI) या अक्षरांनंतरचा आकडा १ ने सुरू होत असेल तर तो पहिला डिजिटल एडिशन, आणि त्याला काहीच जोडता येत नाही. लॅपटॉपचा यूएसबी डिस्क ड्राइव्ह लावून बघू असं कुणी म्हणेल, पैसे घालवू नका, चालत नाही. आकडा २ ने सुरू होत असेल तर तो स्लिम, त्याला सोनीचा वेगळा डिस्क ड्राइव्ह मिळतो, बाजूचं कव्हर काढून घरीच बसवता येतो, फक्त पहिल्यांदा बसवताना नेट लागतं कारण तो ड्राइव्ह त्या कन्सोलशी एकदा ऑनलाइन जोडून घ्यावा लागतो.

भारतात पीएस५ आला २ फेब्रुवारी २०२१ ला, तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि बिनडिस्कवाला ३९,९९०. दहा हजार वाचले असं वाटून बऱ्याच जणांनी दुसरा घेतला, आणि मग पुढचा प्रत्येक गेम त्या एकाच दुकानातून, म्हणजे सोनीच्या ऑनलाइन स्टोअरमधून, तिथे जो भाव असेल त्या भावाने. नवा मोठा गेम ५ हजारांच्या घरात जातो, डिस्क असती तर खेळून झाल्यावर त्यातले निम्मे तरी परत आले असते. तुमच्याकडे पहिला मॉडेल असेल तर माझा सल्ला: आहे तसा विका आणि थोडे पैसे घालून डिस्कवाला घ्या. मुलाचे मित्र डिस्कवाले आहेत ना, मग तेच महत्त्वाचं.

प्रश्न : दादा, मी पीएसवाला, रूममेट एक्सबॉक्सवाला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलवाला. भांडणात मी नेहमी म्हणतो की तुमच्या एक्सबॉक्सवर २०१३ मध्ये रोज नेट लागणार होतं आणि जुने गेम बंद करणार होते. तो म्हणतो ही सोनीवाल्यांनी उठवलेली अफवा, त्याच्या एक्सबॉक्स वनवर असलं काहीच नाही. खरं कोण? (सांगली)

उत्तर : दोघंही खरे, पैज बरोबरीत सोडवा. अफवा अजिबात नव्हती, मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहून जाहीर केलं होतं. आणि रूममेटच्या मशीनवर ते नाही कारण मशीन विक्रीला यायच्या आधीच सगळं मागे घेतलं.

झालं असं. २१ मे २०१३ ला रेडमंडमध्ये एक्सबॉक्स वन दाखवला. कार्यक्रमात टीव्ही, टीव्ही आणि टीव्ही. जो प्रश्न लोकांच्या तोंडी होता, नेट सतत लागणार का आणि जुना गेम चालणार का, तो स्टेजवर कुणी काढलाच नाही. कार्यक्रमानंतर पत्रकारांनी विचारलं तर प्रत्येक अधिकाऱ्याचं उत्तर वेगळं. शेवटी ६ जूनला लेखी नियम आले, आणि ते वाचून लोक आणखी भडकले.

नियम काय होते ते नीट सांगतो, कारण भांडणात निम्मे लोक हे चुकीचं सांगतात. सतत नेट लागणार नव्हतं. दर २४ तासांतून एकदा कन्सोलने कंपनीच्या सर्व्हरला हजेरी द्यायची, ती चुकली की ऑफलाइन गेम बंद, फक्त टीव्ही आणि ब्लू-रे-डीव्हीडीवरचे सिनेमे चालू. मित्राच्या घरी जाऊन त्याच्या मशीनवर आपला गेम खेळायचा असेल तर हीच हजेरी दर तासाला. डिस्क म्हणजे नुसतं गेम घरी आणायचं साधन, एकदा इन्स्टॉल केला की लायसन्स, म्हणजे तो खेळायचा हक्क, तुमच्या अकाउंटला चिकटलं आणि मग डिस्कला काही किंमत नाही. जुना गेम विकायचा तर कंपनीने मान्य केलेल्या दुकानातच, तेही त्या गेमच्या प्रकाशकाने परवानगी दिली असेल तर. मित्राला द्यायचा तर तो मित्र तुमच्या फ्रेंड लिस्टमध्ये किमान ३० दिवस असला पाहिजे, आणि एक गेम आयुष्यात एकदाच देता येणार. चार दिवस खेळायला देतो मग परत दे, हे सुरुवातीला तर नाहीच.

आता यात भारत कुठे होता? कुठेच नव्हता. तेव्हा २१ देशांची एक यादी होती जिथे हे मशीन चालणार होतं, त्यात भारत नाही, जपान नाही, आणि सगळ्यात मजा म्हणजे पोलंड नाही. मायक्रोसॉफ्टने त्याच जूनमध्ये स्वतःच्या स्टेजवर 'द विचर ३' हा गेम मिरवला, आणि तो बनवणारी कंपनी वॉर्सॉची, म्हणजे ज्यांनी गेम बनवला त्यांच्याच देशात तो त्या कन्सोलवर चालणार नाही अशी अवस्था. आपल्याकडची गोष्ट तर बोलायलाच नको. कंपनी म्हणत होती किमान १.५ एमबीपीएसचं कनेक्शन असावं अशी आमची शिफारस आहे, आणि भारत सरकारच्या २०१३ च्या व्याख्येत ५१२ केबीपीएस, म्हणजे त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा, मिळालं की त्याला ब्रॉडबँड म्हणत होते. इथून कुणी अमेरिकेहून मशीन मागवलं असतं तर काय झालं असतं बघा.

लोक इतके का चिडले याला आधीचा इतिहास पण होता. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पीसीवरचा 'सिमसिटी' आला होता, एकट्याने खेळायचं शहर पण सर्व्हरशिवाय चालत नाही, आणि पहिल्या आठवड्यात सर्व्हर झोपले, पैसे भरलेले लोक बाहेर उभे. (त्याला ऑफलाइन मोड मिळाला तो वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये.) एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टचाच एक कर्मचारी ट्विटरवर म्हणाला की आता सगळंच कायम ऑनलाइन असतं, घ्या चालवून, आणि थोड्याच दिवसांत त्याला कंपनी सोडावी लागली. त्याच्याही आधी, २०१० पासून, ईए या गेम कंपनीने 'ऑनलाइन पास' आणला होता: नव्या गेमच्या डबीत एक कोड, एकदा वापरला की संपला, जुना गेम घेणाऱ्याने ऑनलाइन खेळायचं तर वेगळे १० डॉलर भरा. हा पास ईएने बंद केला मे २०१३ मध्ये. लोकांना लगेच वास आला की बंद करताय कारण आता हेच काम कन्सोल करणार आहे. ते खरं होतं का खोटं हे कंपनीला माहीत, पण वेळ अशी होती की संशय येणारच.

मग १० जून, लॉस एंजेलिस, ई३ हे गेमवाल्यांचं मोठं प्रदर्शन. सकाळी मायक्रोसॉफ्टने किंमत सांगितली ४९९ डॉलर. संध्याकाळी सोनीचे जॅक ट्रेटन स्टेजवर आले आणि त्यांनी सांगितलं की पीएस४ वर जुन्या गेमवर कसलंही बंधन नाही, विका, दुकानात द्या, मित्राला द्या, कायम ठेवा, आणि डिस्कवरचा गेम एकट्याने खेळायला नेट लागणार नाही, हजेरी नाही. आणि किंमत ३९९. तो टाळ्यांचा व्हिडिओ अजून बघा, मॅच जिंकल्यासारखे लोक ओरडतायत, आणि कशासाठी, तर आधीपासून जे होतं ते तसंच ठेवलं म्हणून! वर सोनीने एक अर्ध्या मिनिटाहून छोटा व्हिडिओ टाकला, 'जुना गेम मित्राला कसा द्यायचा': एक साहेब दुसऱ्या साहेबाच्या हातात डबी देतात, तो थँक्यू म्हणतो, संपलं.

मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सबॉक्स सांभाळणारे डॉन मॅट्रिक तेव्हा एका मुलाखतीत म्हणाले की ज्यांच्याकडे नेट नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे एक प्रॉडक्ट आहे, एक्सबॉक्स ३६०. म्हणजे जुनंच घ्या. हे वाक्य त्यांना फार महागात पडलं. १९ जूनला सगळं मागे: पहिल्यांदा मशीन चालू करताना एकदा नेट, नंतर डिस्कवरचे गेम कितीही दिवस ऑफलाइन, विका, द्या, देशाचं बंधन नाही. १ जुलैला बातमी आली की मॅट्रिक झिंगा या गेम कंपनीत चालले. मशीन आलं २२ नोव्हेंबरला, भारतात तर २३ सप्टेंबर २०१४ ला, पीएस४ इथे येऊन आठ महिने होऊन गेल्यावर.

आता रूममेटच्या बाजूने एक गोष्ट, कारण ही कुणी सांगत नाही. मागे घेतलेल्या नियमांबरोबर दोन चांगल्या गोष्टी पण गेल्या. एक, इन्स्टॉल केल्यावर डिस्क न घालता खेळता येणार होतं. दुसरी, घरातले म्हणून दहा जण तुमची गेम लायब्ररी वापरू शकणार होते, ते कुठेही राहत असले तरी. पुण्यातला भाऊ आणि नागपूरची बहीण एकाच लायब्ररीतून खेळतायत, आणि तेही दहा जणांपर्यंत, हे तेव्हा कन्सोलवर कुणीच देत नव्हतं. ते नीट समजावून सांगितलं असतं आणि हजेरी २४ तासांऐवजी महिन्याची ठेवली असती तर काही लोक तरी थांबून ऐकले असते असं मला वाटतं. पण आधी बंधनं सांगितली, ती पण अर्धवट, आणि सवलत शेवटी. आणि आपल्या पैशाने घेतलेली वस्तू चालू ठेवायला रोज परवानगी मागायची हे मला तरी आजही पटत नाही, लायब्ररी दहाची असो की शंभराची.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात झाड पडलं की लाईट पण जाते आणि फायबर पण तुटतं, लाईट एक दिवसात येते, नेटवाला आठवडा लावतो. कुठला कन्सोल बिननेटचा नीट चालेल? (कुडाळ)

उत्तर : डिस्कवाला पीएस५ किंवा पीएस४ घ्या, तुमच्यासाठी हेच सोपं. पहिला डिस्कवाला पीएस५ (आकडा १ वाला) पहिल्यांदा सुरू करताना पण नेट नसलं तरी चालतं, डिस्क घाला, इन्स्टॉल होऊ दे, खेळा. स्लिमचा ड्राइव्ह मात्र वर म्हटलं तसा एकदा ऑनलाइन जोडून घ्यावा लागतो. एक्सबॉक्स सिरीज एस आणि एक्सला (एक्सबॉक्स वननंतरचे मॉडेल) पहिल्या सेटअपला नेट लागतंच, ते घरचं नेट चालू असताना करून टाका, आणि तेव्हाच सेटिंगमध्ये जाऊन हा माझा 'होम एक्सबॉक्स' असं लावून ठेवा. हे न करता नेट गेलं की विकत घेतलेला डिजिटल गेम पण कुलूपबंद, आणि मग नेट येईपर्यंत काही करता येत नाही. बरेच लोक हे करत नाहीत आणि मग पावसाला शिव्या देतात. गेम पासचे (एक्सबॉक्सची वर्गणी भरून मिळणारे) गेम घेणार असाल तर ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं. आठवड्याचा ब्रेक चालेल.

जुन्या एक्सबॉक्स ३६० च्या डिस्क सिरीज एक्समध्ये घालणार असाल तर ती डिस्क नुसती किल्ली म्हणून वापरली जाते, गेम नेटवरूनच येतो. एक्सबॉक्स वनच्या डिस्कला पण आधी सिरीज एक्सवर एकदा ऑनलाइन तपासणी लागायची, ती २०२२ मध्ये काढून टाकली.

आणि कन्सोल बिननेटचा चालला तरी गेम चालेलच असं नाही हं. 'ग्रान तुरिस्मो ७' घ्या. गाड्यांचा, एकट्याने खेळायचा, डिस्कवर मिळणारा, तरी जवळपास सगळा गेम नेटशिवाय उघडत नाही. मार्च २०२२ मध्ये एका अपडेटनंतर त्यांचे सर्व्हर ३० तासांहून जास्त बंद होते, तेव्हा जगभरातले लोक हातात डिस्क घेऊन बसले होते. कन्सोल तोच ज्याच्यावर 'कसलंही बंधन नाही' म्हणून टाळ्या पडल्या होत्या. बंधन कन्सोलवरून उठून गेममध्ये जाऊन बसलं, एवढाच फरक.

पीएस४ जुना घेणार असाल तर त्यातलं सॉफ्टवेअर ९.०० किंवा पुढचं आहे का बघून घ्या. आधीच्या व्हर्जनमध्ये आतली छोटी घड्याळाची बॅटरी मेली आणि नेट नसलं तर डिस्कवरचे गेम पण सुरू होत नव्हते. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ते दुरुस्त केलं.

प्रश्न : भाई टेलिग्रामवर ५ हजारचा गेम ९०० ला मिळतोय, सेकंडरी आयडी म्हणे, प्रायमरी पाहिजे तर १८००. माझे दोन मित्र घेतात. स्कॅम आहे का? (पिंपरी)

उत्तर : गेम खरोखर मिळतो, म्हणून लोक फसतात.

कसं चालतं बघ. विकणारा एका अकाउंटवर गेम डिजिटल विकत घेतो, एकदाच. सोनीचा नियम असा की प्रत्येक अकाउंटला एक पीएस५ 'आपला' म्हणून लावता येतो, आणि त्या कन्सोलवर घरातलं कुणीही, स्वतःच्या आयडीवरून, नेट नसतानाही खेळू शकतं. पीएस४ साठी अशीच दुसरी जागा. भाऊ-बहीण, आई-बाबा खेळतील म्हणून ही सोय. विकणारा ही जागा 'प्रायमरी' म्हणून तुला विकतो. आणि त्याच अकाउंटने दुसऱ्या कन्सोलवर लॉगिन करून पण खेळता येतं, पण तिथे त्याच्याच आयडीवरून खेळायचं आणि लायसन्स तपासायला नेट पाहिजे. ती झाली 'सेकंडरी'. एकाच गेमचे तीन-चार वेळा पैसे, धंदा जोरात.

सेकंडरीवाला म्हणजे पोटभाडेकरू, मूळ मालकाने कुलूप बदललं की सामान रस्त्यावर. त्याने पासवर्ड बदलला की तू बाहेर, ट्रॉफ्या त्याच्या, सेव्ह (खेळ कुठवर आला ती नोंद) त्याच्या अकाउंटवर, आणि तक्रार करायला गेलास तर सोनी म्हणणार अकाउंट विकणं-विकत घेणं हेच आमच्या नियमात बसत नाही. अकाउंट बॅन झालं, म्हणजे कंपनीने बंदी घातली, तर सगळ्यांचंच गेलं. प्रायमरीवाला थोडा सुखी, पण ते पण दूर बसून बंद करता येतं, आणि तुझा कन्सोल एक दिवस रीसेट करायची वेळ आली की परत त्याच्याच दारात. तो टेलिग्रामचा ग्रुप तेव्हा असेल का?

आणि गंमत बघ. २०१३ मध्ये रोजच्या हजेरीवरून जग पेटलं होतं, आज सेकंडरी आयडीवाला प्रत्येक वेळी गेम उघडताना हजेरी देतोय, ती पण पैसे मोजून, आणि कुणी एक मीम सुद्धा बनवत नाही.

९०० रुपयांत एखाद दीड वर्ष जुन्या गेमची वापरलेली डिस्क सहज मिळते. तुझ्याकडे डिस्कवाला असेल तर तीच घे, खेळून झालं की विक, पुढची घे. नवाकोरा गेम पहिल्याच दिवशी पाहिजे असेल तर दोन मित्रांनी मिळून डिस्क घ्या आणि आळीपाळीने खेळा. त्याला कुणी अडवत नाही.

प्रश्न : माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. पीएसच्या डिस्क आठवड्याला भाड्याने द्यायचा विचार चालू आहे, पोरं विचारतात रोज. कायद्याने चालतं का? (कोल्हापूर)

उत्तर : मी वकील नाही, सुरू करायच्या आधी एका वकिलाला नक्की विचारा. पण मोटामोटी सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्ये कॉम्प्युटर प्रोग्रामची प्रत व्यापारी भाड्याने देण्याचा हक्क कॉपीराइटच्या मालकाचा आहे असं लिहिलंय, आणि गेम हा शेवटी प्रोग्रामच. विक्रीचं वेगळं आहे. आधी त्या कलमात 'ती प्रत पूर्वी विकली गेलेली असो वा नसो' अशा अर्थाचे शब्द होते, म्हणजे एकदा विकलेली प्रत पुन्हा विकण्यावरही मालकाचा हक्क चालत होता, १९९९ च्या दुरुस्तीत ते शब्द प्रोग्रामपुरते निघाले. त्यामुळे अस्सल डिस्क विकत घेऊन पुन्हा विकणं आणि भाड्याने देणं या एकाच दर्जाच्या गोष्टी नाहीत. भाडं डोक्यातून काढा. जुन्या डिस्क विकत घेणं, तपासणं आणि विकणं असा धंदा ठेवा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो पूर्वीपासून चालत आलाय. आणि कॉपी केलेली डिस्क, मॉड केलेला (आतून फेरफार केलेला) कन्सोल, याच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : दीर टोकियोहून दिवाळीला येतायत, निन्टेन्डो स्विच २ आणतो म्हणाले, तिकडे स्वस्त आहे. भारतात चालेल ना? आणि दुकानात गेमची डबी असते तरी गेम डाउनलोड करावा लागतो असं ऐकलं, ते काय? (नाशिक)

उत्तर : थांबा, दिरांना आजच फोन करा! जपानमध्ये स्विच २ दोन प्रकारचा मिळतो. स्वस्तवाला, २०२५ मध्ये आला तेव्हा ४९,९८० येनचा, तो फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्याला जपानच्या रिजनचंच निन्टेन्डो अकाउंट जोडता येतं. म्हणजे मेन्यूपासून सगळं जपानी. दुसरा सगळ्या भाषांचा, तो तेव्हा ६९,९८० येनचा होता. आणायचा तर दुसरा. मग स्वस्त कुठे राहिला ते तुम्हीच बघा, आणि वॉरंटीचं काय हेही दिरांना तिथेच दुकानात विचारायला सांगा.

डबीचं तुम्ही बरोबर ऐकलंय. जून २०२५ मध्ये स्विच २ आला तेव्हापासून काही गेम 'गेम-की कार्ड' म्हणून येतात, डबीच्या पुढच्या बाजूला खाली तसं छापलेलं असतं. कार्डमध्ये गेम नसतो, फक्त किल्ली असते. पहिल्यांदा घातलं की अख्खा गेम नेटवरून उतरवायचा, मेमरी तेवढी मोकळी पाहिजे, आणि नंतर खेळताना कार्ड आत असायलाच लागतं. पण त्यानंतर नेट लागत नाही, आणि कार्ड कुणालाही देता येतं, विकता येतं. मला यात निम्मं पटतं. विकता येतं हे बरं. पण पंधरा-वीस वर्षांनी ते सर्व्हर बंद झाले की त्या कार्डचं काय करायचं? दारात तोरणाला लावायचं?

डिजिटल गेमसाठी पण त्यांनी एक प्रकार केलाय, फॅमिली ग्रुपमधल्या दुसऱ्याला गेम दोन आठवड्यांसाठी उसना देता येतो, मुदत संपली की आपोआप परत येतो. दोन मुलं, दोन स्विच असतील तर उपयोगी.

प्रश्न : एवढं काय रडताय राव. पीसीवर वीस वर्षं स्टीम हे ऑनलाइन दुकान आहे, एक गेम विकता येत नाही, कुणी बोलत नाही. मोबाईलवर पण नाही. इकडे दुकानात जुना गेम द्यायला गेलं की ६० डॉलरच्या गेमचे १५ देतात आणि तोच ४५ ला विकतात, बनवणाऱ्याला त्यातला छदाम नाही. डिस्क मेली तर मरू दे. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : साहेब, मुद्दा चांगला आहे. बनवणाऱ्याला जुन्या विक्रीतून काही मिळत नाही हे खरंच, आणि कंपन्यांची २०१३ ची तळमळ तीच होती. पण पुस्तकं, गाड्या, सायकली, कशातच मिळत नाही, आणि जुना गेम विकून आलेल्या पैशातूनच पोरं नवा घेतात. जपानमध्ये गेम कंपन्या यावरून थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या होत्या, २००२ मध्ये निकाल दुकानदारांच्या बाजूने लागला, आणि तिथला गेम उद्योग काही बुडाला नाही.

पीसीची गोष्ट वेगळी का, तर तिथे दुकानं अनेक. स्टीमवर महाग असेल तर एपिकवर बघता, जीओजीवर तर गेमची फाइल कुलूप न लावता हातात देतात, ठेवा हार्डडिस्कवर. म्हणून सेल लागले की किमती पाव होतात. कन्सोलवर दुकान एकच, कन्सोलवाल्याचं. त्या दुकानाच्या भावाला टक्कर देणारी एकच गोष्ट होती, शेजारच्या पोराकडची जुनी डिस्क. ती गेली की भाव ठरवणारा एकटाच उरतो. तुमच्याकडे १५ डॉलर मिळतात म्हणून तुम्ही वैतागता, बिनडिस्कवाल्याला शून्य मिळतात.

आणि विकण्याचं सोडा, ठेवता तरी येतंय का? युबिसॉफ्टचा 'द क्रू' २०१४ चा, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि डिस्क कपाटात असलेल्यांचा पण गेम मेला, एकट्याने खेळायचा भाग सुद्धा. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने मोहीम काढली, गेम बंद करताना तो खेळण्याजोगा ठेवून जा एवढीच मागणी, आणि युरोपात त्या मागणीवर जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा पार झाला. तुमच्या तिकडे कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की डिजिटल वस्तू विकताना तुम्ही फक्त लायसन्स घेताय हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं, नुसतं 'बाय' म्हणून मोकळं व्हायचं नाही. म्हणजे रडणारे आम्ही एकटेच नाही.

२०१३ मध्ये जे एका फटक्यात करायला गेले आणि तोंडावर पडले, ते नंतर हळूहळू झालंच. २०१९ मध्ये बिनडिस्कचा एक्सबॉक्स वन एस आला, मग सिरीज एस, मग पीएस५ डिजिटल, नोव्हेंबर २०२४ चा पीएस५ प्रो तर सगळ्यात महाग असून त्यात ड्राइव्ह नाही, वेगळा घ्या. कुणी नियम जाहीर केला नाही, फक्त खाच काढून टाकली आणि सुरुवातीला किंमत थोडी कमी ठेवली. आपणच रांगेत उभे राहून घेतलं.

प्रश्न : जुनी डिस्क आणि जुना कन्सोल घेताना दोन मिनिटांत काय बघू? थोडक्यात सांगा, तुम्ही फार लांबवता. (म्हापसा)

उत्तर : बरं. डिस्क: डबीवर मागे 'इंटरनेट आवश्यक' असं आहे का वाचा, आणि त्या गेमचा सर्व्हर अजून चालू आहे का मोबाइलवर शोधा. डिस्कवर गेम आहे की नुसता नावाला, तेही शोधा, २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्युटी'च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबी होते, बाकी सगळं डाउनलोड. डबीत कोडचा कागद असेल तर तो वापरलेला आहे असंच धरून भाव करा. कन्सोल: विकणाऱ्याच्या घरी जा, त्याला त्याचं अकाउंट तुमच्यासमोर काढायला लावा, फॅक्टरी रीसेट करा, मग तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तुमच्या आयडीने लॉगिन करून बघा. बॅन झालेला कन्सोल दिसायला अगदी ठणठणीत असतो, ऑनलाइन गेल्यावरच कळतं. लॉगिन झालं, डिस्क फिरली, गेम उघडला, की मग पैसे द्या. विकणारा म्हणाला की नेट नाहीये, नंतर बघा, तर सरळ चालू पडा.